साठ गिल्डर, दीड दिवस आणि लेनापेंची सही

न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि फिलाडेल्फियाच्या पट्ट्यात हल्ली कितीतरी विद्यापीठांत आणि संग्रहालयांत कार्यक्रमाच्या सुरुवातीला एक छोटं निवेदन वाचून दाखवतात: आपण उभे आहोत ती भूमी मूळची लेनापे या आदिवासी लोकांची. एडिसन-प्रिन्स्टनकडच्या मराठी घरांतल्या मुलांच्या कानावरही ते पडतं. निवेदन संपलं की वाद सुरू होतो आणि तो ठरलेल्या दोन रुळांवरूनच धावतो. एक बाजू म्हणते, जमिनी रीतसर विकत घेतल्या, मोबदला मोजला, खरेदीखतं आहेत; मग साडेतीनशे वर्षांनी हे रडगाणं कशासाठी? दुसरी बाजू म्हणते, त्या साध्याभोळ्या लोकांना जमीन विकता येते हेच मुळी ठाऊक नव्हतं. हवा-पाणी कोणाच्या मालकीचं नसतं तशीच त्यांच्या लेखी जमीन, म्हणून ते फसले.

माझ्या मते दोघंही एकाच चुकीच्या प्रश्नाला उत्तर देताहेत. लेनापेंना काय कळलं आणि काय नाही, यावर सगळा खल चालतो. पण सुरुवातीची काही दशकं सोडली तर त्यांना व्यवहार चांगलाच कळत होता. करार पोकळ ठरले याचं कारण वेगळं आहे. कागद कोणाच्या पेटीत राहणार, त्यातल्या चतुःसीमांचा अर्थ कोण लावणार आणि भांडण झालं तर दाद कोणाकडे मागायची, या तिन्ही गोष्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत घेणाऱ्याच्याच हातात होत्या. खरेदीदार तोच, मोजणीदार तोच, न्यायाधीशही तोच. असा व्यवहार समोरचा कितीही चतुर असला तरी व्यवहार उरत नाही.

सुरुवात मॅनहॅटनपासून करू, कारण सगळे तिथूनच करतात. १६२६ साली पीटर मिन्यूइट या डच अधिकाऱ्याने ते बेट ‘२४ डॉलरच्या काचमण्यांना’ घेतलं ही गोष्ट जगभर माहीत आहे. आज हातात आहे ते फक्त एक पत्र. पीटर स्खाखेन या गृहस्थाने ५ नोव्हेंबर १६२६ रोजी नेदरलँड्सच्या सरकारला ते लिहिलं: आपल्या लोकांनी मॅनहॅटन बेट तिथल्या रहिवाशांकडून ६० गिल्डर (डच नाणं) किमतीला घेतलं आहे, क्षेत्र ११,००० मॉर्गेन (जमिनीचं जुनं डच माप). एवढंच. मण्यांचा उल्लेख नाही, विकणाऱ्याचं नाव नाही, खरेदीखत तर सापडतच नाही. डॉलरचा आकडा एकोणिसाव्या शतकातल्या हिशेबाचा. त्याच पत्रात जहाजातल्या मालाची मात्र तपशीलवार यादी आहे, त्यात बीव्हरची कातडी ७,२४६! डच वेस्ट इंडिया कंपनीचं लक्ष कुठे होतं ते या यादीवरून दिसतं. त्या ६० गिल्डरवर चारशे वर्षांचं चक्रवाढ व्याज लावून ‘लेनापेंनी पैसे गुंतवले असते तर’ असे हिशेब मांडणाऱ्यांची मला गंमत वाटते. कुठल्या बँकेत गुंतवणार होते?

आता दुसऱ्या बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा आधी मान्य करतो. सुरुवातीच्या काळात दोन्हीकडच्या कल्पना खरोखरच जुळत नव्हत्या. लेनापेंकडे जमीन गटाची असे, वारसा आईकडून चाले आणि गटप्रमुखाला आपल्या एकट्याच्या मर्जीने ती कायमची देऊन टाकण्याचा अधिकार नव्हता. पाहुण्याला राहू द्यायचं, पिकवू द्यायचं, त्याने भेटी द्यायच्या आणि संबंध टिकले तर भेटी पुन्हा पुन्हा द्यायच्या, अशी ती रीत. म्हणूनच स्टेटन आयलंड एकापेक्षा जास्त वेळा ‘विकलं’ गेलेलं दिसतं: १६३० मध्ये, मग १६५७ मध्ये, शेवटी १६७० मध्ये इंग्रज गव्हर्नरला. युरोपियनांनी याला लबाडी म्हटलं. लेनापेंच्या दृष्टीने आधीचा पाहुणा करार पाळत नसेल किंवा निघून गेला असेल, तर जुनी बोलणी संपली.

पण ‘त्यांना मालकी ही कल्पनाच नव्हती’ हे त्यातून निघत नाही. कुठल्या ओढ्याकाठी कोणाच्या घराण्याने मका लावायचा, कुठल्या रानात कोणी शिकार करायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांची मालकी आपल्या सातबाऱ्यात बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हवा-पाण्याचा दाखला ऐकायला सहानुभूतीचा वाटतो, पण त्यातून लेनापे कायमचे अजाण ठरतात. आणि अजाण माणसाचं काही हिरावलं जात नाही, नाही का? ज्याला आपली वस्तू आपली आहे हेच माहीत नव्हतं, त्याच्याकडून ती गेली तर हळहळ वाटते, देणं लागत नाही.

शिवाय हे अज्ञान टिकलं किती? १६४३ च्या फेब्रुवारीत डच गव्हर्नर कीफ्टच्या माणसांनी पॅव्होनिया आणि कॉर्लियर्स हुक इथे आसऱ्याला आलेल्या लेनापे कुटुंबांची रात्रीत कत्तल केली. त्यानंतरच्या पिढीला गोरे शेजारी पाहुणे म्हणून आलेले नाहीत, हे सांगायला कोणी लागत नव्हतं.

मग प्रश्न पडतो की जे बंदुकीच्या जोरावर घेता येत होतं, ते विकत घेतल्याचा देखावा युरोपियनांनी केलाच का? इथे वादातला हरवलेला धागा आहे. हे कागद लेनापेंना दाखवण्यासाठी नव्हतेच. ते दुसऱ्या युरोपियनांना दाखवण्यासाठी होते. डच लोक इंग्रजांपुढे खरेदीखत ठेवत; इंग्रजांकडे राजाची सनद होती, डचांकडे ‘मूळ मालकाची सही’. १६३८ मध्ये तोच मिन्यूइट स्वीडनच्या नोकरीत गेला आणि त्याने डेलावेअर नदीकाठी लेनापे प्रमुखांकडून पुन्हा जमीन घेतली, ती डचांचा दावा खोडायला. लेनापेंची सही म्हणजे युरोपियनांच्या आपापसातल्या खटल्यातला पुरावा. पुरावा जपून ठेवतात, त्याचं म्हणणं कोणी ऐकत नाही.

इथे कोणीही जाणकार हात वर करून पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याचं नाव घेईल. घ्यावंच. पेनच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. दुसऱ्या चार्ल्स राजाने पेनच्या वडिलांचं १६,००० पौंडांचं देणं फेडण्यासाठी १६८१ साली त्याला पेनसिल्व्हेनियाची सनद दिली. कायद्याने पेनला कोणालाच काही मोजायची गरज नव्हती. तरी त्याने त्याच वर्षी लेनापेंना पत्र लिहिलं की राजाने मला हा मुलूख दिला असला तरी तुमच्या प्रेमाने आणि संमतीनेच मला तिथे राहायचं आहे. शॅकमॅक्सन इथे एल्मच्या झाडाखाली तमानेंद या लेनापे प्रमुखाबरोबर झालेल्या त्याच्या तहाची आख्यायिका झाली. शपथ न घेता झालेला आणि कधीच न मोडलेला एकमेव तह, असं व्होल्तेरने त्याचं कौतुक केलं. त्या तहाचा कागद नाही. पण क्वेकरांच्या, म्हणजे युद्ध न मानणाऱ्या पेनच्या ख्रिस्ती पंथाच्या, या वसाहतीत १७५५ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षांवर, लेनापेंशी युद्ध झालं नाही ही गोष्ट खोटी नाही. शेजारच्या वसाहतींचा इतिहास शेजारी ठेवला की ती फार मोठी वाटते.

त्या काळचं एक खरेदीखत जवळून बघण्यासारखं आहे. पेन यायच्या आधी, जुलै १६८२ मध्ये, त्याचा प्रतिनिधी विल्यम मार्कहॅम याने आजच्या बक्स परगण्यातली जमीन घेतली. मोबदल्याच्या यादीत ३५० फॅदम (एक फॅदम म्हणजे सहा फूट) वॅम्पम म्हणजे शंखमण्यांच्या माळा, २० बंदुका, २० पांढऱ्या घोंगड्या, ४० कुऱ्हाडी, ४० कुदळी, २०० सुऱ्या, ४० कात्र्या, ४० कंगवे, १०० टोचे आणि ‘दोन मुठी’ मासे धरायचे गळ आहेत. ही यादी वाचून मला भोळ्या लोकांना दिलेली खेळणी दिसत नाहीत. कुऱ्हाड, कुदळ, सुरी, गळ, बंदूक: ज्याला शेती, शिकार आणि मासेमारी याच मुलखात पुढेही करायची आहे, त्याने घासाघीस करून मिळवलेला हा माल आहे. आपण इथून उठून जाणार आहोत असं समजणारा माणूस कुदळी कशाला मागेल?

पेनचा प्रामाणिकपणा मी मान्य करतो; त्याच्यावर उभारलेला युक्तिवाद मान्य करत नाही. तो प्रामाणिकपणा एका माणसाचा होता, व्यवस्थेचा नव्हता. पेनने लंडनमध्ये बसून जमिनी गिऱ्हाइकांना विकल्या, लेनापेंची संमती मग घेतली. ती मिळाली नसती तर त्या गिऱ्हाइकांचे पैसे परत गेले असते का? १७१८ मध्ये पेन वारला, मागे कर्ज ठेवून. त्याच्या मुलांकडे मुलूख आला, वचन आलं नाही. वचन पाळायला भाग पाडणारं कोणी असतं तर बाप भला आणि मुलं लबाड यांनी एवढा फरक पडला नसता.

१७३७ च्या ‘वॉकिंग पर्चेस’मध्ये, म्हणजे चालून मोजलेल्या खरेदीत, हे उघडं पडलं. पेनचा मुलगा टॉमस आणि वसाहतीचा कारभारी जेम्स लोगन यांनी १६८६ सालचा एक मसुदा बाहेर काढला. मूळ दस्त नाही, रिकाम्या जागा सोडलेली नक्कल. तिच्यानुसार लेनापेंच्या पूर्वजांनी म्हणे राइट्सटाउनजवळून एक माणूस दीड दिवसात चालून जाईल तिथपर्यंतची जमीन दिली होती. लेनापे प्रमुख नुटिमस याने आधी साफ नकार दिला. लोगनने त्याला विचारलं, तू तर नदीपलीकडे जर्सीत जन्मलास, इथली जमीन तुझी कशी? नुटिमसने सांगितलं की माझी आई या काठची. आणि उलट विचारलं, तुम्ही तर या देशातच जन्मलेले नाही, मग तुमची कशी? ज्याला मालकी कळत नाही असं आपण म्हणतो, तो हा माणूस.

तरी २५ ऑगस्ट १७३७ रोजी नुटिमस, लॅपाविन्सो आणि इतरांनी सह्या केल्या. त्यांना दाखवलेला नकाशा दिशाभूल करणारा होता. त्यावरून वाटावं की रेघ जवळच्याच टोहिकन ओढ्यापाशी थांबणार. आणि दीड दिवसाचं चालणं म्हणजे काय, हे त्यांच्या रोजच्या अनुभवातलं होतं: चालायचं, थांबून जेवायचं, चिलीम ओढायची, वाटेत शिकार मिळाली तर करायची. १९ सप्टेंबरला सूर्योदयाला निघाले ते एडवर्ड मार्शल, जेम्स येट्स आणि सॉलोमन जेनिंग्ज, खास निवडलेले चपळ गडी. वाट आधीच झाडं तोडून मोकळी केलेली, बरोबर शिधा घेऊन घोड्यावरचे लोक. सोबत आलेले लेनापे ओरडत राहिले की हे चालणं नाही, पळणं आहे, आणि शेवटी वैतागून निघून गेले. जेनिंग्ज पहिल्याच दिवशी गळला, येट्स दुसऱ्या दिवशी कोसळला. मार्शल एकटा साठ मैलांच्या पुढे, आज जिम थॉर्प नावाचं गाव आहे त्या भागापर्यंत पोचला.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. त्याहून मोठी लबाडी त्यानंतरच्या रेघेत आहे. मार्शल थांबला तिथून डेलावेअर नदीपर्यंत सीमा जवळच्या वाटेने जाईल, अशी लेनापेंची समजूत. मोजणीदारांनी काटकोन धरून रेघ ईशान्येला नदीपर्यंत ओढली आणि सुमारे १,२०० चौरस मैल, म्हणजे साडेसात लाख एकरांच्या आसपास मुलूख आत घेतला. ईस्टन, बेथलेहेम, अॅलनटाउन आज तिथेच आहेत. अॅलनटाउन ज्याच्या नावाचं, त्या विल्यम अॅलनला तर या मुलखातली जमीन पेन घराण्याने हे चालणं होण्याच्या आधीच विकून टाकली होती. मग चालायचं तरी कशाला? विकलेल्या मालाला मागाहून पावती लागत होती म्हणून.

लेनापे हटेनात, तेव्हा पेनसिल्व्हेनियाने स्वतःचे हात मळवले नाहीत. १७४२ मध्ये फिलाडेल्फियात इरोक्वा या शेजारच्या आदिवासी राष्ट्रांच्या संघाचा वक्ता कॅनासाटेगो याने भर सभेत लेनापेंना फटकारलं: तुम्ही आमचे अंकित, तुम्हाला जमीन विकायचा हक्कच नाही, चालते व्हा. या प्रसंगाचा दाखला देऊन काही जण म्हणतात, बघा, हे तर त्यांच्यातलंच भांडण. इरोक्वांचा स्वार्थ त्यात होताच, तो झाकायची गरज नाही. पण त्यांना बोलावून, भेटी देऊन उभं कोणी केलं? पेनच्या वारसांना सही हवी होती तोवर लेनापे मालक होते. सही झाल्यावर त्यांना हक्कच नव्हता असं सांगणारा साक्षीदार मिळाला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. हक्क नव्हता तर पाच वर्षांपूर्वीच्या दस्ताला काय किंमत?

‘त्या काळाला आजची फूटपट्टी लावू नका’ असं इथे हमखास कोणी म्हणतं. तत्त्व म्हणून मला ते पटतं. म्हणून त्याच काळातल्या लोकांना विचारू. १७५५ मध्ये सीमेवर रक्तपात सुरू झाला. त्याला एकटी ही खरेदी कारण नव्हती, फ्रेंच-इंग्रज युद्धही होतं. पण पुढच्या वर्षी ईस्टनच्या परिषदेत टीडियुस्कुंग या लेनापे पुढाऱ्याने पायाखालची जमीन दाखवून गव्हर्नरला सांगितलं की ही माझी वारशाची जमीन आहे आणि ती कपटाने घेतली गेली आहे. फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी त्याची बाजू उचलली. चार्ल्स टॉमसन, जो पुढे अमेरिकी काँग्रेसचा चिटणीस झाला, टीडियुस्कुंगचा लेखनिक होता; १७५९ मध्ये त्याने या फसवणुकीवर लंडनमध्ये पुस्तकच छापलं. बेंजामिन फ्रँकलिनने राजाच्या मंडळापुढे चौकशीचा अर्ज केला. म्हणजे अठराव्या शतकाच्या फूटपट्टीनेही ती कपटच होती, आणि तसं म्हणणारे पेनचेच धर्मबंधू होते. चौकशी झाली? झाली. १७६२ मध्ये, राजाचाच अधिकारी विल्यम जॉन्सन याच्यापुढे. टीडियुस्कुंगने तिथे आरोप मागे घेतला. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच्या घराला आग लागली आणि तो त्यात जळून मेला.

मराठी वाचकाला इथे सातारा आठवायला हरकत नाही. १८१९ मध्ये कंपनीने प्रतापसिंह महाराजांशी तह केला. १८३९ मध्ये तो मोडल्याचा आरोप कंपनीने ठेवला, चौकशी कंपनीने केली, निकाल कंपनीने दिला. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनमध्ये तेरा-चौदा वर्षं खेटे घालत राहिले. तहातली कलमं त्यांना समजली नव्हती असं कोणी म्हणेल का? त्यांना कलम न् कलम पाठ होतं. अडचण समजेची नव्हतीच, दाद लागण्याची होती. टीडियुस्कुंग आणि रंगो बापूजी यांच्यात शतकभराचं अंतर आणि सगळी संस्कृती वेगळी, पण दोघांनीही अर्ज केला तो आरोपीच्याच कचेरीत.

इंग्रज गेल्यावर तरी हे बदललं का? १७ सप्टेंबर १७७८ रोजी फोर्ट पिट इथे नव्या अमेरिकेने आदिवासी राष्ट्राशी पहिला लेखी तह केला, तो लेनापेंशीच. त्यात त्यांनी मित्रराष्ट्रांना घेऊन स्वतःचं राज्य स्थापावं आणि काँग्रेसमध्ये प्रतिनिधी पाठवावा, अशी तरतूद होती, अर्थात काँग्रेसने मान्य केलं तर. दोनच महिन्यांत, तह करणारा मुख्य पुढारी व्हाइट आइज अमेरिकी फौजेबरोबर असताना मेला. देवीने मेला असं जाहीर झालं. अमेरिकी शिबंदीच्या माणसांनीच त्याला मारलं, असं मागाहून सांगितलं गेलं. मार्च १७८२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या शिबंदीने ओहायोतल्या ग्नाडेनह्यूटन इथे ९६ ख्रिस्ती, निःशस्त्र लेनापेंना मारलं. मग ओहायो, इंडियाना, कॅन्सस, ओक्लाहोमा. दर मुक्कामाला नवा तह आणि पुढच्या मुक्कामाला जुना रद्द.

‘कागद आहेत’ म्हणणाऱ्यांना म्हणून माझं एवढंच सांगणं आहे की कागदांवरच बोलू या. डेलावेअर नेशनने (डेलावेअर हे लेनापेंचंच इंग्रजी नाव) २००४ मध्ये तेच केलं. चालून मोजलेल्या त्या मुलखातल्या ‘टाटामीज प्लेस’ या ३१५ एकरांसाठी, म्हणजे मोझेस टाटामी या लेनापेला पेनच्या वारसांनी दिलेल्या जमिनीसाठी, त्यांनी पेनसिल्व्हेनियावर दावा लावला. आरोप साधा होता: १७३७ ची खरेदी फसवणुकीची. जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला, २००६ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. निकालाचं सूत्र असं की सार्वभौम सत्तेने आदिवासींचा हक्क संपवला असेल तर तो कसा संपवला, फसवून का होईना, हा न्यायालयाचा विषय नाही. खरेदी खरी होती असं न्यायालयाने म्हटलं नाही. खरी असो वा खोटी, फरक पडत नाही असं म्हटलं.

या निकालापुढे ‘रीतसर विकत घेतलं’ हा युक्तिवाद कसा टिकतो? खरेदी खरी ठरली तर जमीन तुमची आणि फसवणूक ठरली तरीही तुमचीच, अशा व्यवहारात विक्रेत्याच्या सहीने ठरतं तरी काय? पण दुसऱ्या बाजूलाही हा निकाल अडचणीचाच आहे. समारंभांतल्या निवेदनांत कधी कधी ‘लेनापेंनी कधीही न सोडलेली भूमी’ असे शब्द येतात. ऐकायला बाणेदार, पण दप्तरांत लेनापेंच्या खुणा असलेल्या दस्तांची चळत पडली आहे. ती नाकारली की नुटिमसचा नकार, लॅपाविन्सोची सही, टीडियुस्कुंगची तक्रार सगळंच पुसलं जातं. उरतं ते एक निष्पाप रान, ज्यात कोणी कधी काही कबूलच केलं नव्हतं.

पेनसिल्व्हेनिया राज्य आजही एकाही आदिवासी जमातीला अधिकृत मान्यता देत नाही. संघराज्याने मान्य केलेल्या दोन डेलावेअर जमातींची मुख्यालयं ओक्लाहोमात आहेत, आणखी वंशज विस्कॉन्सिनमध्ये आणि कॅनडातल्या ऑन्टॅरिओत. निवेदन वाचणाऱ्या संस्थेने पुढच्या वेळी आपल्या इमारतीखालच्या जमिनीचं जुनं खरेदीखत काढावं, त्यावर कोणाच्या खुणा आहेत आणि मोबदल्यात काय लिहिलं आहे ते वाचावं, आणि त्याची प्रत अॅनाडार्को आणि बार्टल्सव्हिल इथल्या जमात-कार्यालयांना पाठवून विचारावं: यातलं काय पाळायचं राहिलं आहे? तिथून येणारी यादी लांबलचक असेल. निदान एकदा तरी दस्ताचा अर्थ लावणारा दुसरा पक्ष असेल.